पेस्ट कंट्रोलवाल्याला आधी घर बघू द्या, मग दराचं बोला

प्रश्न: आम्ही पनवेलला तळमजल्यावर टू बीएचकेमध्ये राहतो. इमारत जुनी आहे. गेल्या पावसाळ्यात बाथरूमच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागली, तेव्हा बाजारातून औषध आणून घरीच मारलं. आता बेडरूमच्या कपाटामागे भिंतीवर मातीची रेघ वर चढलेली दिसतेय. स्वयंपाकघरात ट्रॉल्यांमध्ये बारीक तपकिरी झुरळं झालीत. घरात दीड वर्षाचा नातू आहे, हाताला लागेल ते तोंडात घालतो. सासूबाईंना दमा आहे. तिघांना विचारलं. एकाने फोनवरच सांगितलं, अठराशेत सगळं, एकाच फवाऱ्यात, हर्बल औषध, दोन वर्षांची गॅरंटी. मोठ्या नावाच्या कंपनीने वाळवीचे साडेनऊ हजार सांगितले, पाच वर्षांची वॉरंटी, आणि झुरळांचा वर्षाचा करार वेगळा. तिसरा शेजारच्या सोसायटीत येतो. तो म्हणतो, घर बघितल्याशिवाय आकडा सांगणार नाही, बघायचे तीनशे रुपये, काम दिलं तर वळते करून घेईन. मिस्टर म्हणतात मोठी कंपनीच बरी, मुलगा म्हणतो औषध सगळ्यांचं सारखंच, स्वस्तातलं घ्या. काय करावं?

उत्तर: ताई, आधी त्या अठराशेवाल्याला नाही म्हणून कळवा. तो स्वस्त आहे म्हणून नव्हे. वाळवी आणि झुरळं ही दोन वेगळी कामं आहेत. औषध वेगळं, हत्यारं वेगळी, लागणारा वेळ वेगळा. दोन्ही एकाच फवाऱ्यात होतात असं जो सांगतो, त्याला एक तर काम कळत नाही, नाही तर कळत असूनही तो खोटं बोलतोय. आणि घर पाहिलंच नाही, तर दोन वर्षांची गॅरंटी कशाच्या जोरावर दिली?

तीनशे रुपये मागणाऱ्याला बोलवा. माझी उमेदीची वर्षं याच धंद्यात गेली, म्हणून सांगते, बघायला येतो म्हणणारा माणूस तुमचं निम्मं काम सोपं करतो. मोठ्या कंपनीलाही सांगा की माणूस पाठवून घर बघा आणि मग लेखी कोटेशन द्या. बहुतेक कंपन्या हे फुकट करतात. दोघांचे कागद समोर ठेवूनच ठरवा. मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे, औषधं साधारण तीच असतात. पण ती किती, कुठे आणि कशी घातली, यावर सगळं अवलंबून असतं.

बघायला येणारा काय करतो, ते शेजारी उभं राहून बघा. जाणकार माणूस आधी टॉर्च काढतो. चौकटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालून वर ठोकत जातो. भरीव लाकूड टणक वाजतं, आतून खाल्लेलं पोकळ वाजतं, आणि तिथे टोक टेकवलं की रंगाचा पापुद्रा आत बसतो. कपाटामागच्या मातीच्या रेघेचा बोटभर तुकडा तो मोडेल. आत पांढुरकी वाळवी धावताना दिसली तर वाट चालू आहे. रिकामी दिसली तरी तो घाईने निकाल देणार नाही, दोन-तीन दिवसांनी बघा म्हणेल. वाट वापरात असली तर वाळवी मोडलेला भाग ओल्या मातीने पुन्हा लिंपून घेते. म्हणून तो येईपर्यंत ती रेघ झाडू नका, पुसू नका, वर स्प्रे मारू नका.

मग तो बाथरूमच्या भिंतीला हात लावून ओल बघेल. कपाटाची मागची फळी, खिडकीची चौकट, विजेच्या बोर्डाच्या आसपासची जागा, पलंगाखालचे जुने खोके, बाहेर भिंतीला टेकवलेली लाकडं, कुंड्या, सगळं पाहील. लाकडाखाली ओली माती नसून पिठासारखा कोरडा भुसा पडत असेल, तर ती वाळवी नव्हे, लाकूड पोखरणारा भुंगा असतो, आणि त्याच्यासाठी जमिनीत औषध घालणं म्हणजे पैसे वाया. हा फरक तुम्हाला नीट सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

तो प्रश्न विचारतो का, याकडेही लक्ष द्या. घरात लहान मूल आहे का, कुणाला दमा आहे का, मांजर किंवा माशांची टाकी आहे का, सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी नेमकी कुठे आहे, बोअरवेल आहे का? न विचारता निघाला तर तुम्हीच सांगा, आणि ऐकल्यावर त्याच्या कामाच्या आखणीत काही बदल होतो का ते बघा. ‘काही होत नाही हो, एकदम सेफ आहे’ एवढंच उत्तर आलं तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

आता वाळवीचं काम. गेल्या वर्षी तुम्ही चौकटीवर मारलेल्या औषधाने दिसत होती तेवढी वाळवी मेली असेल. पण तिचं घर चौकटीत नसतं, जमिनीत असतं. मातीतून पायाच्या फटींतून ती वर येते, लाकूड खाते आणि ओलाव्यासाठी परत खाली जाते. एक वाट बंद झाली की दुसरी काढते, तशी ती आता कपाटामागे निघाली. आपल्याकडे कोकणपट्टीत थंडी अशी पडतच नाही की किड्यांचं काम थांबेल. बारा महिने उब आणि चार महिने ओल. तळमजल्यावर तर माती थेट लादीखालीच असते. म्हणून औषध मातीत जायला हवं, वरवर फवारून भागत नाही.

बांधून झालेल्या इमारतींमधल्या वाळवीच्या कामासाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, भाग ३. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या सांध्याला, स्कर्टिंगच्या कडेने, साधारण १२ मिलिमीटरची भोकं, दर ३०० मिलिमीटरवर, म्हणजे फुटाफुटावर. प्रत्येक भोकात औषधाचं पाणी जमीन पिईल तितकं, जास्तीत जास्त एक लिटर. आता हिशोब करा. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर ४४ फूट. दारं सोडली तरी चाळीसच्या आसपास भोकं, म्हणजे एका खोलीला वीस-तीस लिटर औषध सहज जातं. पाठीवर एक पंप अडकवून आलेला पोरगा तासाभरात अख्खं घर करून निघाला, तर त्याने काय केलं असेल ते तुम्हीच समजा. कोटेशनमध्ये ‘आयएस ६३१३ प्रमाणे’ असं लिहून घ्या आणि कामाच्या दिवशी भोकं खुशाल मोजा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. चांगल्या माणसाला मोजलेलं आवडतं.

औषध घातल्यावर भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवायची असतात. आदल्या दिवशीच सांगा की लादीखालून नळाचा पाइप कुठून गेलाय, विजेची वायर कुठे आहे. ड्रिलने पाइप फोडला तर भांडण कुणाशी करायचं, हाही प्रश्न आधी विचारलेला बरा. चौकटीत तिरपी बारीक भोकं पाडून सिरिंजने औषध सोडतात. ते पुष्कळदा रॉकेलसारख्या तेलात मिसळलेलं असतं आणि त्याचा वास रेंगाळतो. मातीतलं औषध बिनवासाचं असलं तरी हे नसतं. सासूबाईंना त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस नातेवाईकांकडे पाठवा, नातवालाही. घरात तेल मिसळलेलं औषध वापरणार का, हे आधीच विचारून ठेवा.

इमिडाक्लोप्रिडसारखी हल्लीची औषधं वाळवीला जाणवत नाहीत. ती त्यातून फिरते आणि अंगाला लागलेलं औषध बाकीच्यांपर्यंत नेते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळं साफ होत नाही, काही आठवडे जातात. पंधरा दिवसांनी एखादी वाळवी दिसली म्हणून घाबरू नका आणि मुख्य म्हणजे वरून बाजारातला स्प्रे मारू नका. दोन महिन्यांनीही नवी रेघ चढत असेल, तर त्यांना बोलवायचं.

पाच वर्षांच्या वॉरंटीने तुमच्या मिस्टरांना धीर आला, ते मी समजू शकते. पण वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचा. बहुतेक कार्डांवर लिहिलेलं असतं की वाळवी पुन्हा आली तर फुकट औषध घालून देऊ. खाल्लेलं कपाट भरून देऊ, असं क्वचितच. आणि पुढे अटी: भिंतीत गळती असली, फरशी बदलली, फर्निचर नव्याने केलं, तर वॉरंटी रद्द. तुमच्या बाथरूममागे ओल असणार, असा माझा दाट संशय आहे. तसं असेल तर आधी प्लंबर. ओल तशीच ठेवून पाच वर्षांची वॉरंटी घेतलीत तर पहिल्याच तक्रारीला तुम्हाला गळतीचं कलम दाखवतील. त्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांची वॉरंटी, पण मधल्या तपासणीच्या भेटी तारखांसह लिहिलेल्या, अशी मला जास्त मोलाची वाटते. मोठं नाव असलं तरी प्रत्यक्ष कामाला कोण येणार, कंपनीची माणसं की स्थानिक ठेकेदाराची, हेही विचारा.

इथेच सोसायटीचा विषय येतो. इमारतीच्या बाहेरच्या कडेने माती मोकळी असेल तर तिथेही औषध घालावं लागतं. ती जागा सगळ्यांची, तेव्हा खर्चही सगळ्यांचा. सेक्रेटरींना आत्ताच पत्र द्या. शेजारच्या तळमजल्याच्या घरांतही विचारा, त्यांच्याकडेही वाळवी असू शकते. एकत्र काम केलंत तर दरही कमी होतो आणि ती एकीकडून हुसकली तर दुसरीकडे जाण्याची वाट बंद होते. जमिनीखालची पाण्याची टाकी किंवा बोअरवेल तुमच्या भिंतीला लागून असेल, तर त्या बाजूला मातीत औषध नको म्हणून स्पष्ट लेखी सांगा. टाकीला बारीकशी चीर असली तरी औषध पिण्याच्या पाण्यात उतरू शकतं. याबाबतीत मी कुणाचंही ‘काही होत नाही’ ऐकून घेतलेलं नाही, तुम्हीही घेऊ नका.

झुरळांचं काम त्यामानाने सोपं आहे. ट्रॉलीतली बारीक तपकिरी झुरळं ती जर्मन झुरळं. गटारातून येणारी मोठी लालसर वेगळी. जर्मन झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी अंगाशी बाळगून फिरते, आणि त्या कुपीत औषध शिरत नाही. उबेत पिल्लू दोनेक महिन्यांत वाढून अंडी घालायला तयार होतं. म्हणून एका भेटीत काम संपत नाही. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी भेट हवीच, आणि ती आधीच्याच पैशांत धरलेली असायला हवी.

तुमच्या घरात फवारणी नको, जेल घ्या. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडचं जेल मसुराच्या डाळीएवढ्या ठिपक्यांनी बिजागऱ्यांत, ट्रॉलीच्या रुळांमागे, ओट्याखालच्या फटीत, फ्रिजच्या मोटरपाशी लावतात. झुरळं ते खातात आणि मरतात. हवेत काही उडत नाही, म्हणून दम्याच्या माणसाला आणि रांगत्या मुलाला हाच मार्ग बरा, फक्त ठिपके नातवाच्या हाताबाहेर आणि फटींच्या आत हवेत. घाईत खालच्या ट्रॉलीच्या दर्शनी कडेला ठिपका लागला तर लगेच पुसायला सांगा. आणि दम्यासाठी झुरळं मारलेली बरीच. त्यांच्या विष्ठेने आणि अंगाच्या भुकटीने दमा उसळतो. औषध नको म्हणून झुरळं राहू देणं हा काही सासूबाईंचा बचाव नाही.

जेलवर फवारणी करायची नाही. एकाच दिवशी ‘जेल आणि स्प्रे दोन्ही मारून देतो’ असं कुणी स्वयंपाकघरापुरतं म्हणालं तर समजा, त्याला जेल कसं काम करतं ते माहीत नाही. स्प्रेच्या वासाने झुरळं जेलपासून लांब पळतात. झुरळांचा खडूही ओढू नका, नातू तो हमखास उचलेल. ओटा, ट्रॉल्या घासूनपुसून घ्यायच्या त्या जेल लावण्याच्या आधी. नंतर फटींत फिनेलचा फडका फिरवला की दीड हजाराचं काम पुसून गेलं. रात्री खरकटी भांडी सिंकमध्ये ठेवायची नाहीत, कचऱ्याचा डबा झाकायचा. झुरळांना दुसरं खायला मिळालं तर ती जेलकडे कशाला येतील?

आता कागद. घरोघर पेस्ट कंट्रोलचा धंदा करायला कीटकनाशक अधिनियम १९६८ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो, आणि तो राज्याच्या कृषी विभागाकडून मिळतो. पुष्कळजण गुमास्ता परवाना दाखवतात. तो दुकान उघडण्याचा, विषारी औषध वापरण्याचा नव्हे. परवान्यावरचं नाव, पत्ता आणि मुदत बघा, मोबाइलवर फोटो घ्या. कोटेशनवर औषधाचं शास्त्रीय नाव आणि टक्केवारी लिहून मागा. ‘हर्बल’, ‘इंपोर्टेड’, ‘सीक्रेट फॉर्म्युला’ ही औषधांची नावं नव्हेत. शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रिनसुद्धा विषच असतं, आणि त्याच घराण्यातलं पर्मेथ्रिन मांजरांना जिवावर बेतू शकतं.

कामाच्या दिवशी बाटली सीलबंद आणि मूळ लेबलची हवी. लेबलवरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. घरात लाल त्रिकोणाचं काहीही येऊ देऊ नका. साध्या पाण्याच्या बाटलीत आणलेलं दुधट द्रावण कुणी ‘ऑफिसमधूनच मिसळून आणलंय’ म्हणालं, तर काम थांबवा. औषध तुमच्यासमोर मापाने मोजून मिसळायला हवं. उरलेलं ‘ठेवा, कामाला येईल’ म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवून गेले तर घेऊ नका. लहान मुलांच्या विषबाधा अशाच बाटल्यांतून होतात.

दोन गोष्टी घराच्या उंबऱ्याच्या आत यायच्याच नाहीत. एक डायक्लोरव्हॉस, लोक त्याला नुवान म्हणून ओळखायचे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने त्यावर बंदी आली आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर ते पूर्ण थांबायला हवं होतं. दुसरी ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी. ती धान्याच्या गोदामासाठी आहे. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो, त्यावर उतारा नाही. ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी ती फ्लॅटमध्ये ठेवल्याने शेजारच्या घरात झोपलेली माणसं, मुलं गेल्याच्या बातम्या आपल्याच राज्यातून आल्या आहेत. गोळी ठेवून दार सील करतो असं कुणी म्हणालं तर ते तुमच्या घरापुरतं राहत नाही. तुमच्या इमारतीत कुणी हे करत असल्याचं कळलं तर सोसायटीला सांगा आणि पोलिसांना कळवायलाही मागेपुढे बघू नका.

कामाला येणाऱ्या मुलांकडेही बघा. हातमोजे, मास्क नसतील तर त्यांना काम सुरू करू देऊ नका, मालकाला फोन लावा. ही मुलं रोज चार-पाच घरं करतात आणि हे सगळं त्यांच्या अंगात जातं. जो मालक शंभर रुपयांचे हातमोजे वाचवतो, तो औषधात पाणी वाढवायला कमी करत नाही.

पैशांचं म्हणाल, तर तुमच्या आकाराच्या घराला वाळवीचे साडेनऊ हजार हे भोकं पाडून नीट काम होणार असेल तर अवास्तव नाहीत. १८ टक्के जीएसटी त्यात धरलाय की वर लागणार, ते विचारा. तिसरा माणूस दोन-तीन हजारांनी कमी सांगेल, आणि त्याचा परवाना, औषधाचं नाव, भोकांचा हिशोब हे सगळं लेखी असेल तर त्यालाच द्या, असं मी म्हणेन. तो जवळचा आहे, शेजारच्या सोसायटीत त्याचं जुनं काम तुम्ही जाऊन बघू शकता. तिथे विचारताना ‘कसा आहे’ असं विचारू नका. ‘पुन्हा आली तेव्हा बोलावल्यावर किती दिवसांत आला’ असं विचारा. झुरळांचा वर्षाचा करार आज करू नका. आधी दोन भेटींचं जेल करून घ्या, तीन महिन्यांनी गरज वाटली तर करार. ॲडव्हान्स निम्म्याहून जास्त देऊ नका, आणि शेवटचा हप्ता वॉरंटी कार्ड व पक्कं बिल हातात आल्यावर.

बिल सांभाळून ठेवा. वॉरंटीत असूनही कुणी येत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पण कागदावर औषधाचं नाव आणि कामाचा तपशील नसेल तर तिथे मांडणार काय?

घरातली भोकं पावसातही पाडता येतील, बाहेरच्या मातीचं काम मात्र जूनच्या आधी उरकायला हवं. माती पाण्याने भरली की औषध मुरत नाही, वाहून जातं. सोसायटीची मीटिंग लांबली तर ते दिवाळीनंतर करा, पण तोवर तुमच्या घरातलं थांबवू नका. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमली आणि खिडकीच्या कट्ट्यावर पंखांचा खच पडला, तर ती वाळवी कुठल्या फटीतून निघाली ते बघून ठेवा आणि त्या माणसाला फोटो पाठवा. तपासणीच्या पुढच्या भेटीत त्याला नेमकी तीच जागा दाखवायची आहे.